प्रकल्प नोंदी: बत्तासा (अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे पाण्यातच राहणारा, सरड्यासारख्या आकाराचा उभयचर प्राणी), पुणे, एप्रिल ते जून २०२५

मोजमापं थेंबांच्या टेस्ट किटची, तापमान काचेच्या थर्मामीटरचं. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटचे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. अमोनियाचा आकडा म्हणजे किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग जिथे वेगळा काढला आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१२ एप्रिल, शनिवार

ताईकडून बत्तासा माझ्याकडे आला. पांढरट गुलाबी अंग, काळे डोळे, म्हणजे ल्युसिस्टिक. लांबी १३ सेंमी, अजून पिल्लूच. मार्चच्या सुरुवातीला दुकानातून घेतलेला. भाची माइनक्राफ्ट खेळते. त्या खेळात २०२१ साली हा प्राणी आला आणि तेव्हापासून पोरांना तो घरातही हवा झालाय.

लक्षणं: कल्ले पुढे वळलेले, त्यांची झालर जवळजवळ झडलेली. शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकडं. खाणं बंद. अधूनमधून मागचा भाग वर येऊन तरंगतो. पुढच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. ही जुनी जखम दिसते. दुकानात पिल्लं दाटीवाटीने ठेवली की ती एकमेकांचे पाय तोडतात.

टाकी दोन फुटी. तिच्यात आधी गोल्डफिश होते, तेही कित्येक वर्षं. म्हणून ‘टाकी मुरलेली आहे, काळजी नाही’ असं दुकानदाराने सांगितलेलं. खाली रंगीत खडे, वर जोरात पाणी फेकणारा पॉवर फिल्टर.

टाकीचं पाणी: तापमान २८.५, पीएच ६.० (ही किटवरची शेवटची छटा, खरा आकडा याहून खालीही असेल), अमोनिया ४, नायट्राइट ०, नायट्रेट ८० किंवा जास्त. केएच, म्हणजे कार्बोनेटचा कठीणपणा, मोजताना पहिल्याच थेंबाला रंग पालटला. म्हणजे जवळपास शून्य.

ताईचं एक वाक्य तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: “अरे, पाणी बदललं की बरं वाटायला हवं ना? हा पाणी बदललं की जास्तच बिघडतो. वेड्यासारखा काचेवर आपटतो.”

तूर्त प्राणी टाकीबाहेर. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबमध्ये १२ लिटर क्लोरीन काढलेलं कॉर्पोरेशनचं पाणी (पीएच ७.४, अमोनिया ०). फक्त तापमान जुळवलं आणि त्याला थेट उचलून ठेवलं. नवं पाणी थेंबथेंब मिसळत नेण्याची नेहमीची पद्धत मुद्दाम टाळली. कारण परवाच्या नोंदीत येईल, आज नुसता संशय आहे.

१३ एप्रिल

रात्रभर टबमध्ये. कल्ले तसेच, पण काचेवर आपटणं नाही. (इथे काच नाहीच म्हणा.) सकाळ-संध्याकाळ पूर्ण पाणी बदल.

औषध काहीही नाही. भावोजींनी दुकानातून तीन बाटल्या आणून ठेवल्यात. त्यातल्या एकीत मॅलाकाइट ग्रीन आहे, दुसरीवर घटकच छापलेले नाहीत. बेडकासारख्या उभयचर प्राण्याची कातडी सच्छिद्र असते. माशाच्या खवल्यांवरून निभावून जाणारं औषध इथे सरळ अंगात शिरतं. तिन्ही बाटल्या कपाटात.

पहिला संशय क्लोरीनवर. ताई अँटीक्लोरीनचे थेंब बरोबर मापात घालत होती. तिच्या पद्धतीने बादली भरून क्लोरीन तपासलं. शून्य. संशयित सुटला.

मग बोलता बोलता कळलं की मार्चपासून त्यांच्या सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी पुरत नाही, त्यामुळे टाकीचं पाणी बोअरच्या नळावरून बदलत होते. बोअरचा नमुना मागवला: पीएच ८.२, केएच १५, जीएच (एकूण कठीणपणा) २०, नायट्रेट २०, अमोनिया ०. कठीण पाणी आहे, पण अ‍ॅक्सोलॉटलला कठीण पाणी चालतं, किंबहुना मऊ पाण्यापेक्षा मानवतं. प्रयोगशाळांत त्यांना होल्टफ्रेटरच्या पातळ केलेल्या द्रावणात ठेवतात, त्यात मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घातलेलंच असतं. मग हे पाणी घातल्यावर प्राणी का बिघडावा?

१४ एप्रिल

बादलीचा प्रयोग. अर्धी बादली जुन्या टाकीचं पाणी, अर्धी बोअरचं. मिश्रणाचा पीएच ७.८, अमोनिया २.

उत्तर मिळालं. अमोनिया निम्मा झाला, पण विष तीसपट वाढलं.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने निरुपद्रवी, मोकळा अमोनिया जहरी. कुठलं रूप किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. पीएच एका अंकाने वाढला की मोकळ्याचं प्रमाण साधारण दहापट होतं. किट मात्र दोघांची बेरीज दाखवतं. २८ अंशांना हिशोब असा:

पीएच ६.० ला मोकळा भाग ०.०७ टक्के. ४ पीपीएममधला म्हणजे ०.००३ पीपीएम.
पीएच ७.८ ला मोकळा भाग ४.२ टक्के. २ पीपीएममधला म्हणजे ०.०८५ पीपीएम.

माशांच्या टाकीचा जुना आडाखा ०.०२ च्या वर जाऊ देऊ नका असा आहे. म्हणजे बत्तासा घाणीत जेमतेम तगून होता, आणि स्वच्छतेच्या नावाखाली त्याला दर वेळी जहराचा एक डोस मिळत होता. थेंबथेंब पाणी मिसळलं असतं तर हेच टबमध्ये सावकाश घडलं असतं.

आता टाकी आंबट का झाली. आमच्याकडे नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, माझ्या नळावर केएच २. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते केएच खाऊन टाकतं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७.१ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी क्षारता जाते. केएच २ म्हणजे लिटरला ३६ मिलिग्रॅम. तेवढ्यात फार तर ५ मिलिग्रॅम नायट्रोजनचं काम होतं, म्हणजे २२ पीपीएम नायट्रेट तयार होईपर्यंतच पाणी तग धरतं. ताईकडे तर वर्षानुवर्षं पाणी बदलण्यापेक्षा नुसती भर घालणंच जास्त. केएच संपला, पीएच घसरला, तशा आम्लात जिवाणूंनी काम जवळजवळ थांबवलं आणि अमोनिया साचत गेला. नायट्राइट शून्य दिसतोय तो टाकी निरोगी आहे म्हणून नव्हे. पहिली पायरीच बंद पडली आहे.

गोल्डफिश काटक, त्यात हळूहळू सवयीचे झालेले. नवा पाहुणा तसा नव्हता. ‘मुरलेली टाकी’ हे शब्द मी यापुढे केएचचा आकडा ऐकल्याशिवाय मानणार नाही.

१५ एप्रिल

गंमत म्हणजे ज्या बोअरच्या पाण्यावर संशय होता तेच आता कामाला येणार. टबमध्ये जुना अमोनिया नाही, त्यामुळे तिथे पीएच वाढण्याची भीती नाही. एक भाग बोअर, तीन भाग नळ: केएच ५, जीएच ७, पीएच ७.७, नायट्रेट ५ च्या आसपास. यापुढे हेच पाणी. दुपारपर्यंत शेपटीचा आकडा सैल. खाणं अजून नाही.

१६ एप्रिल

दुसरा शत्रू तापमान. बाहेर चाळिशीच्या आसपास, खोलीत ३१.

या प्राण्याचं मूळ घर मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचं सोचिमिल्को. कालवे आणि सरोवराचे अवशेष, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच. नकाशावर पुण्याच्या अक्षांशाजवळ दिसतं म्हणून हवा पुण्यासारखी समजू नये. १६ ते १८ अंश उत्तम, २० चालतं, २४ च्या वर सतत राहिलं की भूक जाते, बुरशी धरते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि प्राण्याची गरज मात्र वाढते, असा दुहेरी मार.

तूर्त उपाय टेबलफॅन. टबवर जाळी, जाळीवरून पाण्याला स्पर्श करणारा वारा. माठ गार होतो तेच तत्त्व: पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. खोलीत ३१ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचा थर्मामीटर १९ दाखवतो. पंख्याने त्याच्या खाली जाता येत नाही. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच वर थांबतो. संध्याकाळी पाणी २४.५. जोडीला गोठवलेल्या पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त उतरवायचं नाही असं ठरवलंय.

वाफ होऊन पाणी कमी झालं की क्षार मागे राहतात, त्यामुळे भर घालायची ती नुसत्या नळाच्या पाण्याची, मिश्रणाची नाही.

१८ एप्रिल

पाणी २१. कल्ले आता बाजूला आलेत, पुढे वळलेले नाहीत. गांडूळ दिलं. झडप घातली, तोंडात घेतलं आणि थुंकलं. पुन्हा तेच.

भाची म्हणाली, “मामा, घरीपण हा असंच करायचा. म्हणून आई म्हणते याला भूकच नाही.”

पण भूक नसलेला प्राणी झडप घालत नाही. गांडूळ नीट पाहिलं: बारीक, अंगावर लाल-पिवळे पट्टे, दाबलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव. हे आयसेनिया फेटिडा. गांडूळ खताच्या वाफ्यात सर्रास असतं. तो द्रव कडू लागतो आणि बहुतेक अ‍ॅक्सोलॉटल ते थुंकतात. आपल्याकडच्या खत प्रकल्पांत दुसरी एक जातही तितकीच वापरतात, युड्रिलस युजेनी. ती मोठी, तपकिरी-जांभळी, डोक्याकडे निळसर चमक असलेली. रोपवाटिकेतल्या खतवाल्याकडून तशी निवडून आणली. रात्रभर ओल्या कागदात ठेवली, म्हणजे पोटातली माती निघते.

१९ एप्रिल

युड्रिलसचा तुकडा, दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा. गिळला. दुसराही. तिसरा दिला नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या प्राण्याला भरवण्याची घाई नको.

२१ एप्रिल

पुन्हा मागचा भाग वर. अ‍ॅक्सोलॉटलला फुप्फुसंही असतात. पृष्ठभागावर येऊन हवा गिळणं नेहमीचं आहे आणि जास्त हवा गेली की थोडा वेळ तरंगतोही. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण याला खाली बसायचंय आणि जमत नाहीये, चारही पाय मारतोय. शिवाय खाणं सुरू होऊनही विष्ठा नाही. आधीच्या टाकीतले खडे डोळ्यांपुढे आले. हा प्राणी तोंड उघडून पाणी ओढतो, त्याबरोबर समोरचं जे असेल ते आत जातं. तोंडात मावेल असा खडा तळाला ठेवणं म्हणजे तो पोटात जाणार हे धरून चालायचं.

२२ एप्रिल

परदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. थर्मासच्या डब्यात, सोबत गार बाटली. एक्स-रेमध्ये दोन खडे स्पष्ट, साधारण ५-६ मिलिमीटर. मऊ अडथळा असता तर असा दिसला नसता, इथे दगड असल्यामुळे काम सोपं झालं.

डॉक्टरांचं मत: या मापाचे खडे पुढे सरकून पडू शकतात. गार ठेवा, थोडंच आणि मऊ खाऊ द्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा फोटो काढू. फुगला किंवा रक्त दिसलं तर लगेच या.

मी फ्रीजबद्दल विचारलं. बरेच पाळणारे अशा वेळी अ‍ॅक्सोलॉटल डब्यासकट फ्रीजमध्ये ठेवतात, ५ ते ८ अंशांना. डॉक्टर उत्साही दिसले नाहीत. मलाही पटत नाही. इतक्या गारठ्यात पचन जवळजवळ थांबतं, मग खडा पुढे कशाने ढकलला जाणार? शिवाय महिनाभर अमोनियाने भाजलेल्या जिवाला आणखी एक धक्का. १८-१९ अंश पुरे.

२४ एप्रिल

उजव्या बाजूच्या मधल्या कल्ल्याच्या टोकाला पांढरे तंतू. सॅप्रोलेग्निया असावी. ही पाण्यातली बुरशी झडलेल्या, मेलेल्या ऊतीवर आधी बसते. कल्ले ज्या अवस्थेत होते ते बघता ती आली नसती तरच नवल.

शेजारच्या काकूंनी हळद सुचवली. “आपल्याला लावतो, त्याला का नको?” पाण्यात न विरघळणारी पूड कल्ल्यांच्या झालरीत अडकेल, म्हणून नको, असं सांगितलं. पटलं नाही त्यांना.

पर्याय दोन होते. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटांची अंघोळ, किंवा मिथिलीन ब्लू. मीठ बुरशी मारतं, पण कातडीवरचा बुळबुळीत थरही सोलून काढतं. याच्या कातडीची आधीच दैना आहे. मिथिलीन ब्लू घेतलं, बाटलीवरच्या अर्ध्या मात्रेत आणि फक्त टबमध्ये. मुख्य टाकीत ते कधीच नाही, फिल्टरचे जिवाणू मारतं.

त्याबरोबर सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाची वाळून गळलेली पानं. फवारणी होत नाही याची माळ्याकडून खात्री केली, धुतली, उकळत्या पाण्यातून काढली. एक पान टबमध्ये. त्यातलं टॅनिन सौम्य बुरशीरोधक आहे. टब चहासारखा दिसतो, त्यात निळं औषध, एकूण रंग भयानक.

२५ ते २९ एप्रिल

रोज पूर्ण पाणी बदल, रोज औषध नव्याने. पाणी १९ ते २०. तंतू तिसऱ्या दिवशी आक्रसले, नंतर गळाले. औषध बंद, पान चालू.

२८ ला सकाळी टबच्या तळाशी एक निळा खडा. पांढऱ्या टबचा हा फायदा, काहीही लपत नाही. भाचीने तो डबीत भरून ठेवला आहे. २९ ला दुसऱ्या एक्स-रेमध्ये एकच खडा, आणि तोही शेवटच्या टप्प्यात.

१ मे

दुसरा खडाही पडला, हिरवा. तरंगणं बंद.

३ मे

टाकीकडे इतके दिवस नुसतं बघत नव्हतो, त्या कामाच्या नोंदी इथे एकत्र करतो.

खडे सगळे काढले. तळ मोकळा. बारीक वाळू चालते, पण पिल्लू आहे तोवर काचच बरी, साफ करायला सोपी. पॉवर फिल्टर काढून मोठा स्पंज फिल्टर आणि एअर पंप. अ‍ॅक्सोलॉटल संथ पाण्याचा प्राणी आहे. सतत प्रवाह अंगावर आला तर नुसत्या तेवढ्यानेही कल्ले पुढे वळतात, आणि मग माणूस अमोनिया शोधत बसतो. जुन्या फिल्टरचा स्पंज फेकला नाही. टाकीच्याच पाण्यात पिळून नव्या फिल्टरशेजारी ठेवला. जिवाणू मेलेले नाहीत, उपाशीही नाहीत, फक्त आम्लाने थबकलेत हा माझा अंदाज होता.

केएच टिकवण्यासाठी परदेशी पुस्तकं पोवळ्याचा चुरा टाका म्हणतात. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो रस्ता बंद, आणि बंदच असावा. कोंबडीखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून देतात तो. रसायन तेच, कॅल्शियम कार्बोनेट. दोन मुठी, धुऊन, जाळीच्या पिशवीत, फिल्टरजवळ. पाणी आम्लाकडे झुकलं की विरघळतो, नाहीतर पडून राहतो. मात्रा चुकण्याची भीती नाही, म्हणून खाण्याच्या सोड्यापेक्षा मला हा पसंत.

टाकी प्राण्याविना चालवायची तर जिवाणूंना अमोनिया बाहेरून द्यायला हवा. त्यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे कल्हईवाल्यांचा नवसागर. कल्हईचा नवसागर शुद्ध असेलच असं नाही, त्यामुळे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून छोटी बाटली घेतली. ४५ लिटर पाण्याला ०.३ ग्रॅम घातला की २ पीपीएमच्या आसपास जातो.

सुरुवातीचे दिवस हललं नाही. केएच ५ वर स्थिरावल्यानंतर आठवड्याभरात अमोनिया उतरू लागला. नायट्राइट मध्ये १ पर्यंत चढला आणि खाली आला. आज सकाळी घातलेला नवसागर उद्या सकाळपर्यंत संपतो का ते बघायचं.

४ मे

संपला. अमोनिया ०, नायट्राइट ०, पीएच ७.६, केएच ५. नायट्रेट ६०, म्हणून ७० टक्के पाणी बदल. तरी दोनतीन वेळा हाच प्रयोग करून मगच प्राणी सोडणार.

१० मे

बत्तासा टाकीत. एक मातीचं मडकं आडवं, लपायला. पापण्या नसतात त्याला, उजेड टाळता यावा म्हणून आडोसा लागतोच. टाकीचा दिवा काढून टाकला, ताईला टाकी अंधारी वाटते. वाटू दे.

पंखा आणि बाटल्यांवर पाणी २२-२३. पुरेसं नाही, पण कल्ल्यांवर झालरीचे बारीक केस दिसताहेत, लालसर.

२१ मे

वळवाचा पाऊस रोज. हवा गार झाली म्हणून सगळे खूश. टाकीचं पाणी मात्र २४.

२६ मे

मॉन्सून आज पुण्यात दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, नेहमीपेक्षा कितीतरी लवकर. खोलीत २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेत ओल्या फडक्याचा थर्मामीटर २५ दाखवतो. म्हणजे पंखा कितीही फिरवा, पाणी २५ च्या खाली जाणारच नाही. एप्रिलच्या काहिलीत टाकी जास्त गार राहत होती आणि पावसाळ्यात कमी, हे ताईला फोनवर पटवून देताना नाकी नऊ आले.

बाटल्यांनी उतरवता येतं, पण सकाळी १९, दुपारी २४, असे हेलकावे बसतात. ते स्थिर २३ पेक्षा वाईट. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घेणं भाग आहे. भावोजींना किंमत सांगितली. फोनवर बराच वेळ शांतता. प्राणी, टाकी, डॉक्टर सगळं मिळून जो खर्च झाला त्याच्या कितीतरी पट. दुकानात प्राणी विकताना ही किंमत आधी सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईत चिलरशिवाय किंवा सतत चालू एसीशिवाय अ‍ॅक्सोलॉटल नीट ठेवता येत नाही.

१ जून

वापरलेला चिलर मिळाला. मागची हवा गरम बाहेर फेकतो, त्यामुळे बंद कपाटात ठेवायचा नाही. त्यातून पाणी फिरवायला पंप लागतो आणि पंप म्हणजे पुन्हा प्रवाह. परतीच्या नळीला भोकांची आडवी पट्टी लावून तिचं तोंड काचेकडे केलं. पृष्ठभाग जेमतेम हलतो, तळाशी पाणी संथ.

रोज एक-दीड अंश उतरवत १८ वर आणायचं.

८ जून

१८ वर स्थिर. रात्री वीज दोन तास गेली, तर १९ झालं, फार नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडून ठेवला आहे, वीज गेली की आपोआप सुरू होतो. गारव्यापेक्षा प्राणवायूची आणि फिल्टरच्या जिवाणूंची चिंता आधी.

नळाचं पाणी गढूळ. धरणात नवं पाणी आलं की असं होतं आणि क्लोरीनही वाढवतात. आज बादलीत नेहमीच्या थेंबांनंतरही क्लोरीनची हलकी छटा राहिली. थेंब वाढवले, पुन्हा तपासलं, मग वापरलं. बोअरचंही पाणी पावसाने बदललंय, केएच १२. म्हणजे एकास तीन हे प्रमाण कायमचं नाही, दर वेळी मोजूनच.

१४ जून

लांबी १५ सेंमी. डाव्या पुढच्या पायावर दोन नवी बोटं. आखूड, पारदर्शक, पण आकार पूर्ण. पुढच्या पायाला चार आणि मागच्याला पाच बोटं हा हिशोब आता जुळला.

भाचीने विचारलं, हा मेक्सिकोहून आला का? नाही. जगभरच्या पाळीव आणि प्रयोगशाळेतल्या अ‍ॅक्सोलॉटलांची वंशावळ बरीचशी १८६४ साली पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांपर्यंत जाते. मूळ सोचिमिल्कोत १९९८ च्या पाहणीत एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० होते, २०१४ मध्ये ३५ च्या आसपास. माशांची घुसखोरी आणि सांडपाणी. याचे भाऊबंद काचेच्या टाक्यांत लाखांनी आहेत आणि घरी जवळजवळ नाहीत, हे ऐकून ती बराच वेळ टाकीपाशी बसली. मग विचारलं, तिकडचं केएच किती? पोरगी शिकतेय.

याच ओघात कागदपत्रं. हा प्राणी सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यानुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दुकानदाराने साधी पावतीसुद्धा दिलेली नव्हती. ताईने त्याच्या मागे लागून मिळवली आणि अर्ज भरला.

२१ जून

तापमान १८, पीएच ७.७, केएच ५, जीएच ७, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५. कल्ले मागे, झालर दाट. एक दिवसाआड गांडूळ, कधी गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या). जिवंत छोटे मासे द्यायचे नाहीत. त्यांच्याबरोबर परजीवी येतात.

ताईकडे परत नेण्याचं ठरलं, चिलरसकट. भाचीला दुसरा आणायचा आहे, जोडीला. दोन फुटी टाकीत नाही. शिवाय मापात फरक असला तर मोठा लहानाचे पाय तोडतो, आणि नर-मादी निघाले तर एका वेळी शेकड्यांनी अंडी. त्याला एकटेपणा वाटत नाही, तो आपल्याला वाटतो.

टाकीच्या बाजूला चिकटवायचा कागद, भाचीच्या अक्षरात:

रविवारी केएच आणि पीएच आधी, अमोनिया नंतर. केएच ३ च्या खाली असेल तर शिंपल्याची पिशवी बदलायची. पीएच ६.५ च्या खाली आणि अमोनिया दिसत असेल तर टाकीत नवं पाणी ओतायचं नाही. आधी बत्ताशाला टबमध्ये काढायचं, मग मामाला फोन.